कॅसिओपिया ए

कॅसिओपिया ए हा शर्मिष्ठा तारकासमूहाच्या दिशेने, पृथ्वीपासून सुमारे ११,००० प्रकाशवर्षे अंतरावर असलेला अतिनवताऱ्याचा अवशेष आहे. सूर्यापेक्षा कितीतरी जड अशा एका ताऱ्याचा गाभा स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाखाली कोसळला आणि ताऱ्याचा स्फोट झाला. त्या स्फोटातून फेकल्या गेलेल्या वायूचा व धुळीचा हा प्रसरण पावणारा मेघ होय. स्फोटाचा प्रकाश पृथ्वीवर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोहोचला असावा. जड ताऱ्याच्या गाभ्याच्या कोसळण्यातून निर्माण झालेल्या, आकाशगंगेतील ज्ञात अवशेषांपैकी हा सर्वांत तरुण मानला जातो. सूर्यमालेबाहेरील रेडिओ स्रोतांमध्ये तो आकाशातील सर्वांत प्रखर स्रोतांपैकी एक आहे.

या अवशेषाचे महत्त्व त्याच्या वयात आहे. हजारो वर्षे जुन्या अवशेषांमध्ये ताऱ्याचे मूळ द्रव्य सभोवतालच्या आंतरतारकीय वायूत मिसळून गेलेले असते. त्यामुळे स्फोट कसा झाला याच्या खुणा पुसल्या जातात. दुसऱ्या दीर्घिकांमधील ताजे अतिनवतारे तेजस्वी दिसतात, पण ते इतके दूर असतात की सर्वांत मोठ्या दुर्बिणीतूनही केवळ प्रकाशाचा ठिपका दिसतो. कॅसिओपिया ए या दोहोंच्या मधला आहे. सुमारे साडेतीन शतकांनंतरही त्यातील बहुतेक द्रव्य स्फोटाने दिलेल्या दिशेनेच धावत आहे, आणि प्रत्येक तुकड्याची जागा, वेग व रासायनिक घडण स्वतंत्रपणे मोजता येते. या मोजमापांवरून असे दिसते की स्फोट सर्व दिशांना सारखा झाला नव्हता. जड तारे नेमके कोणत्या यंत्रणेने फुटतात, या प्रश्नाच्या अभ्यासात हा निष्कर्ष मध्यवर्ती ठरला आहे.

नाव व आकाशातील स्थान

रेडिओ खगोलशास्त्राच्या सुरुवातीच्या काळात एखाद्या तारकासमूहात सापडलेल्या प्रखर रेडिओ स्रोतांना त्या तारकासमूहाचे नाव आणि रोमन लिपीतील अक्षर देण्याची पद्धत होती. कॅसिओपिया हे शर्मिष्ठेचे पाश्चात्त्य नाव असून ‘ए’ हे त्या समूहातील सर्वांत प्रखर स्रोताचे अक्षर होय. केंब्रिजच्या तिसऱ्या रेडिओ सूचीत त्याचा क्रमांक ४६१ आहे. त्याच तारकासमूहात १५७२ साली दिसलेल्या आणि ट्यूको ब्राहे याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अतिनवताऱ्याचाही अवशेष आहे. या दोहोंची गल्लत अनेकदा केली जाते. ट्यूकोचा अतिनवतारा श्वेत बटूच्या स्फोटातून झाला होता. कॅसिओपिया ए चे मूळ अगदी वेगळे आहे.

अवशेषाची क्रांती सुमारे +५८° ४८′ असून विषुवांश २३ तास २३ मिनिटे आहे. शर्मिष्ठेच्या पाच ताऱ्यांच्या परिचित आकृतीतील पश्चिमेकडचा तारा काफ याच्यापासून हे स्थान सुमारे ६ अंश पश्चिमेला येते. पुण्याच्या अक्षांशावरून पाहिल्यास नोव्हेंबर महिन्यात रात्री आठच्या सुमारास ते उत्तर आकाशात क्षितिजापासून जवळजवळ ५० अंश उंचीवर असते. मात्र तेथे नुसत्या डोळ्यांना काहीही दिसत नाही. दृश्य प्रकाशात अवशेष अत्यंत अंधूक आहे. आकाशात त्याचा व्यास साधारण ५ कला, म्हणजे अंशाचा बारावा भाग, इतका भरतो. प्रत्यक्षात ही रुंदी सुमारे १६ प्रकाशवर्षे होते.

शोध

मार्टिन राइल आणि फ्रान्सिस ग्रॅहॅम-स्मिथ यांनी १९४८ साली केंब्रिज येथून हा रेडिओ स्रोत शोधला. त्या वेळी रेडिओ उपकरणांची दिशादर्शनक्षमता फारच कमी होती. त्यामुळे स्रोताच्या जागी नेमकी कोणती वस्तू आहे हे सांगता येत नव्हते. ग्रॅहॅम-स्मिथ यांनी पुढे त्याचे स्थान बरेच अचूक ठरवले. त्या आधारे वॉल्टर बाडे आणि रुडॉल्फ मिन्कोव्स्की यांनी पालोमार वेधशाळेच्या पाच मीटर व्यासाच्या दुर्बिणीने छायाचित्रे घेतली आणि तेथे विखुरलेले, तंतूंसारखे तेजस्वी तुकडे असल्याचे १९५४ मध्ये प्रसिद्ध केले.

या तुकड्यांचे वर्णपट विलक्षण होते. काही तुकडे सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने धावत होते. त्यांत ऑक्सिजन, गंधक व अरगॉन यांच्या रेषा ठळक होत्या, पण विश्वात सर्वत्र विपुल असणारा हायड्रोजन मात्र दिसत नव्हता. दुसऱ्या प्रकारचे तुकडे जवळजवळ स्थिर असून त्यांत हायड्रोजन आणि नेहमीपेक्षा अधिक नायट्रोजन होता. वेगवान तुकडे हे ताऱ्याच्या अंतर्भागातून स्फोटात फेकले गेलेले द्रव्य आहे आणि संथ तुकडे हे ताऱ्याने स्फोटापूर्वीच वाऱ्याच्या रूपाने सोडलेले बाह्य आवरण आहे, असा त्यांचा अर्थ लावण्यात आला. तो अर्थ आजही मान्य आहे.

सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञ इओसिफ श्क्लोव्स्की यांनी १९६० मध्ये असे भाकीत केले की अवशेष प्रसरण पावत असल्याने त्याची रेडिओ प्रखरता दरवर्षी मोजता येईल इतकी घटली पाहिजे. केंब्रिज येथील मोजमापांनी पुढच्याच वर्षी ते खरे ठरवले. घट दरवर्षी एक टक्क्याहून थोडी कमी आहे. रेडिओ दुर्बिणींच्या प्रमाणीकरणासाठी हा स्रोत दीर्घकाळ वापरला जात आला आहे, त्यामुळे तो सावकाश मंद होत जातो हे लक्षात ठेवूनच आकडेमोड करावी लागते.

स्फोटाचा काळ

वेगवान तुकड्यांच्या निजगती अनेक दशकांच्या छायाचित्रांवरून मोजून त्यांच्या वाटा मागे नेल्या, तर त्या एका बिंदूपाशी एकत्र येतात. अशा गणितातून २००१ मध्ये स्फोटाचे वर्ष १६७१ च्या आसपास काढण्यात आले. २००६ मध्ये हबल दुर्बिणीच्या मोजमापांवरून ते १६८१ आले व त्यात १९ वर्षांची अनिश्चितता धरण्यात आली. तुकडे वाटेत किंचित मंदावले असतील तर खरा स्फोट थोडा अलीकडचा ठरतो, हे या फरकाचे एक कारण आहे. ही वर्षे अर्थातच प्रकाश पृथ्वीवर पोहोचल्याची आहेत. प्रत्यक्ष घटना त्याआधी सुमारे ११,००० वर्षे घडली होती.

युरोपात तोपर्यंत दुर्बिणी वापरात आल्या होत्या. चीन, कोरिया व जपान येथे आकाशाची नियमित टिपणे ठेवली जात होती. तरीही या स्फोटाची सर्वमान्य नोंद कोठेही नाही. जॉन फ्लॅमस्टीड या इंग्लिश ज्योतिर्विदाने १६ ऑगस्ट १६८० रोजी या भागात सहाव्या प्रतीचा एक तारा नोंदवला होता आणि पुढे तो कोणालाच सापडला नाही. तो तारा म्हणजेच हा अतिनवतारा असावा, अशी कल्पना १९८० मध्ये मांडण्यात आली. परंतु नोंदलेले स्थान अवशेषाशी नेमके जुळत नाही. दोन वेगवेगळ्या ताऱ्यांच्या मोजमापांची सरमिसळ होऊन ही नोंद तयार झाली असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

स्फोट न दिसण्याचे मुख्य कारण धूळ हे आहे. अवशेष आणि पृथ्वी यांच्या मध्ये आकाशगंगेच्या तबकडीतील धुळीचे दाट ढग आहेत. ते दृश्य प्रकाश निदान पाच-सहा प्रतींनी, म्हणजे शंभर ते अडीचशेपटींनी, मंद करतात. या प्रकारच्या अतिनवताऱ्यांची सर्वसाधारण तेजस्विता पाहता, मध्ये धूळ नसती तर तो ऐन भरात शुक्राच्या तोडीचा दिसला असता.

प्रकाशाचा प्रतिध्वनी

सतराव्या शतकात निसटलेला प्रकाश एकविसाव्या शतकात पुन्हा पकडता आला. या अवशेषाच्या अभ्यासातील ही सर्वांत देखणी कामगिरी म्हणावी लागेल. स्फोटाचा प्रकाश सर्व दिशांना पसरला. त्यातील काही प्रकाश थेट पृथ्वीकडे न येता आजूबाजूच्या धुळीच्या ढगांवर आदळला आणि तेथून परावर्तित होऊन आपल्याकडे निघाला. या लांबच्या वाटेमुळे त्याला शेकडो वर्षे उशीर झाला. डोंगरावर आदळून आवाज मागाहून ऐकू यावा तसाच हा प्रकार असल्याने त्याला प्रकाश-प्रतिध्वनी म्हणतात.

स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीने २००५ मध्ये अवशेषाभोवती असे सरकणारे प्रतिध्वनी दाखवून दिले. २००८ मध्ये हवाई बेटावरील सुबारू दुर्बिणीने घेतलेला एका प्रतिध्वनीचा वर्णपट प्रसिद्ध झाला. तो १९९३ साली एम ८१ या दीर्घिकेत दिसलेल्या अतिनवताऱ्याच्या वर्णपटाशी अतिशय जुळणारा निघाला. त्यावरून हा अतिनवतारा दुसऱ्या वर्गाच्या ‘बी’ उपप्रकारातील असल्याचे निश्चित झाले. या उपप्रकारात ताऱ्याचे हायड्रोजनचे आवरण जवळजवळ सगळे गळून गेलेले असते व केवळ एक पातळ थर उरतो. ज्या घटनेची नोंदही झाली नव्हती, तिचे वर्गीकरण असे तिच्याच प्रकाशावरून करता आले.

वेगवेगळ्या ढगांवरून आलेले प्रतिध्वनी स्फोटाला वेगवेगळ्या बाजूंनी ‘पाहतात’. २०११ मध्ये अशा तीन दिशांच्या वर्णपटांची तुलना झाली. एका दिशेत बाहेर पडणाऱ्या द्रव्याचा वेग इतर दिशांपेक्षा सेकंदाला सुमारे ४,००० किलोमीटरने अधिक होता. म्हणजे स्फोटातील विषमता पुढच्या काळात निर्माण झालेली नसून ती पहिल्या काही आठवड्यांतच होती.

मूळ तारा

जन्माच्या वेळी हा तारा सूर्याच्या साधारण १५ ते २५ पट वस्तुमानाचा असावा आणि स्फोटाच्या वेळी त्यातील केवळ ४ ते ६ पट उरले असावे, असा अंदाज आहे. उरलेले द्रव्य त्याने आधीच गमावले होते. एकटा तारा नुसत्या वाऱ्याने इतके आवरण टाकू शकेल का, याबद्दल शंका असल्याने एखाद्या जोडीदार ताऱ्याने ते ओढून घेतले असावे असे मानण्याकडे कल होता. वर उल्लेखिलेल्या १९९३ च्या अतिनवताऱ्याच्या जागी असा जोडीदार आढळला आहे. कॅसिओपिया ए च्या मध्यभागी मात्र केलेल्या कसून शोधात अपेक्षित तेजाचा जोडीदार सापडला नाही. स्फोटापूर्वीच दोन तारे एकमेकांत विलीन झाले असण्याची शक्यता म्हणूनच विचारात घेतली जाते. हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

रचना

अवशेषात दोन आघात तरंग कार्यरत आहेत. बाहेरचा तरंग सेकंदाला सुमारे ५,००० किलोमीटर वेगाने ताऱ्याच्या जुन्या वाऱ्यात घुसत आहे. क्ष-किरण चित्रांत तो अवशेषाच्या कडेने काढलेल्या बारीक रेषेसारखा दिसतो. दुसरा, उलट आघात तरंग, ताऱ्याच्या फेकलेल्या द्रव्यात आतल्या बाजूने शिरतो. बाहेर धावणारे द्रव्य पुढच्या अडथळ्यामुळे मंदावते, मागून येणारे त्यावर आदळते आणि कोट्यवधी अंशांपर्यंत तापते. चित्रांमध्ये दिसणारे तेजस्वी कडे हे या उलट तरंगाने तापवलेले द्रव्य आहे. जे द्रव्य अजून त्याच्या तडाख्यात सापडलेले नाही ते मध्यभागी थंड व जवळजवळ अदृश्य आहे. पश्चिम बाजूला उलट तरंग प्रत्यक्षातही आतल्या दिशेने सरकत असल्याचे आढळले आहे. तेथे बाहेरच्या तरंगाने पूर्वी एखादे दाट कवच ओलांडले असावे.

डॉप्लर परिणामावरून तुकड्यांचे आपल्या दिशेचे वेग मोजून अवशेषाचे त्रिमितीय प्रतिमान तयार करण्यात आले आहे. तेजस्वी द्रव्य एकसंध गोलावर पसरलेले नसून ते मोठमोठ्या कड्यांत मांडलेले आहे. डॅन मिलिसावल्येविच आणि रॉबर्ट फेसेन यांनी २०१५ मध्ये आतल्या थंड द्रव्याचाही नकाशा प्रसिद्ध केला. त्यात बुडबुड्यांसारख्या पोकळ्या आढळल्या आणि बाहेरची कडी ही त्याच पोकळ्यांच्या काठांवर असल्याचे दिसले. स्फोटात बनलेले किरणोत्सर्गी निकेल पिसाऱ्यांच्या रूपाने बाहेर उसळले, त्याच्या क्षयातून निघालेल्या ऊर्जेने ते फुगले आणि आसपासच्या द्रव्याला त्याने बाजूला सारले, असे या पोकळ्यांचे स्पष्टीकरण दिले जाते.

ईशान्य आणि नैऋत्य दिशांना द्रव्याचे दोन झोत अवशेषाच्या बाहेर गेलेले आहेत. त्यांत सिलिकॉन व गंधक विपुल असून सर्वांत वेगवान तुकडे सेकंदाला सुमारे १५,००० किलोमीटर वेग गाठतात. हे झोत पाहून स्फोट झोतांनीच घडवला असावा असे काही काळ वाटले होते. पण त्यांतील ऊर्जा एकूण ऊर्जेच्या तुलनेत थोडी आहे. केंद्रातील ताराही झोतांच्या रेषेत नव्हे, तर तिच्याशी बराच मोठा कोन करून सरकतो आहे.

जेम्स वेब दुर्बिणीच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अवरक्त चित्रांत अवशेषाच्या समोरच्या बाजूला एक पडद्यासारखी रचना दिसली. चित्रातील रंगामुळे संशोधकांनी तिला ‘हिरवा राक्षस’ असे टोपणनाव दिले. तिच्यावर गोलसर भोके पडलेली आहेत. हा पडदा म्हणजे ताऱ्याने स्फोटापूर्वी सोडलेले द्रव्य आहे आणि स्फोटातील वेगवान तुकड्यांनी त्याला ही भोके पाडली आहेत, असे पुढील अभ्यासात दिसून आले.

मूलद्रव्यांचा नकाशा

जड ताऱ्याच्या अंतर्भागाचे चित्र पाठ्यपुस्तकांत कांद्याच्या पाकळ्यांसारखे काढलेले असते. सर्वांत बाहेर हायड्रोजन, मग हेलियम, कार्बन, ऑक्सिजन-निऑन, सिलिकॉन-गंधक आणि केंद्राशी लोह असे ते थर असतात. स्फोट सर्व दिशांना सारखा झाला असता तर हाच क्रम अवशेषात मोठ्या आकारात टिकायला हवा होता. लोह सर्वांत आत आणि सर्वांत संथ असायला हवे होते.

तसे दिसत नाही. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव दिलेल्या चंद्रा क्ष-किरण वेधशाळेने १९९९ मध्ये आपले पहिले अधिकृत चित्र म्हणून कॅसिओपिया ए चीच निवड केली. तिच्या वर्णपटीय क्षमतेमुळे प्रत्येक मूलद्रव्याचे वेगळे चित्र काढता येऊ लागले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आग्नेय भागात लोहाने समृद्ध असे तुकडे सिलिकॉनच्या बाहेर आढळले. सर्वांत आत शिजलेले द्रव्य वरच्या थरांना भेदून पुढे निघून गेले होते. लोहाचे असे तीन मोठे पुंजके अवशेषात दिसतात.

लोहाच्या नकाशात मात्र एक अडचण आहे. क्ष-किरणांत लोह तेव्हाच दिसते, जेव्हा उलट आघात तरंगाने ते तापलेले असते. न तापलेले लोह किती व कोठे आहे हे त्यातून कळत नाही. या अडचणीवर टायटॅनियम-४४ या किरणोत्सर्गी समस्थानिकाने मार्ग काढून दिला. ते गाभ्यालगत, निकेल-५६ च्या शेजारीच तयार होते, आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे ६० वर्षे आहे. त्याच्या क्षयातून निघणारे उच्च ऊर्जेचे किरण द्रव्य गरम आहे की थंड यावर अवलंबून नसतात. शिवाय ते किती व कोठे बनते हे स्फोटाच्या पहिल्या क्षणांतील तापमान व घनता यांवर अवलंबून असल्याने त्याचा नकाशा म्हणजे इंजिनाच्या अगदी जवळचा साक्षीदार ठरतो. साडेतीन शतकांत त्याचा मूळ साठा पन्नासाव्या-साठाव्या हिश्श्यावर आलेला आहे. तरीही उरलेला भाग टिपता येतो.

कॉम्प्टन गॅमा किरण वेधशाळेने १९९४ मध्ये कॅसिओपिया ए मधील टायटॅनियम-४४ चे अस्तित्व प्रथम दाखवले. त्याचे वितरण २०१२ मध्ये सोडलेल्या न्यूस्टार दुर्बिणीने १० लक्षाहून अधिक सेकंदांच्या निरीक्षणातून मिळवले आणि ते २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. स्फोटात तयार झालेले एकूण टायटॅनियम-४४ सुमारे ४० ते ५० पृथ्वींच्या वस्तुमानाइतके होते. ते गोलाकार पसरलेले नव्हते, आणि झोतांच्या रेषेतही नव्हते. मध्यभागाच्या आसपास काही वेगवेगळ्या गोळ्यांच्या रूपात ते विखुरलेले होते. यावरून सर्वतोपरी समान स्फोट आणि केवळ झोतांनी घडलेला स्फोट ही दोन्ही टोकाची प्रतिमाने मागे पडली. टायटॅनियमचा बराच भाग अशा ठिकाणी होता जेथे तापलेले लोह दिसत नाही. तेथील लोह अजून उलट तरंगाच्या आत, थंड स्थितीत असावे.

अलीकडे स्फोटाआधीच्या अखेरच्या काळाबद्दलही माहिती मिळू लागली आहे. चंद्राच्या जुन्या-नव्या निरीक्षणांवरून २०२५ मध्ये असे दाखवण्यात आले की अवशेषात निऑन-समृद्ध आणि सिलिकॉन-समृद्ध द्रव्य सरसकट एकजीव झालेले नसून ते वेगवेगळ्या भागांत राहिले आहे. स्फोटाच्या काही तास आधी ताऱ्याचा सिलिकॉन जळणारा थर वर घुसला आणि निऑनचा थर खाली ओढला गेला, असा त्याचा अर्थ लावला गेला. तसे असेल तर कांद्याची रचना स्फोटाआधीच बिघडलेली होती, आणि स्फोटाची विषमता काही अंशी तेथूनच सुरू झाली असावी. जपानच्या नेतृत्वाखालील क्रिझम या क्ष-किरण उपग्रहाने क्लोरीन व पोटॅशियम यांचे अपेक्षेपेक्षा अधिक प्रमाण नोंदवले असून तेही अशाच ढवळण्याकडे निर्देश करते.

स्फोटाची यंत्रणा

जड ताऱ्याच्या केंद्रात लोहाचा गाभा तयार झाला की अणुकेंद्रीय ऊर्जेचा स्रोत संपतो. गाभा सेकंदाहून कमी काळात कोसळतो आणि न्यूट्रॉन ताऱ्याच्या घनतेला पोहोचून ताठ होतो. त्यावर आदळलेले द्रव्य मागे उसळून आघात तरंग निर्माण होतो. गणित मात्र असे सांगते की हा तरंग बाहेर पडण्याआधीच दमतो. लोहाची अणुकेंद्रे फोडण्यात व न्यूट्रिनो बाहेर पडण्यात त्याची ऊर्जा खर्च होते. तारे तर प्रत्यक्षात फुटतात. हे कोडे सैद्धान्तिक खगोलभौतिकीत अनेक दशके ठाण मांडून बसले होते.

कोसळण्यातून मुक्त होणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ९९ टक्के न्यूट्रिनोंच्या रूपाने निघून जाते. त्यांतील थोडासा अंश जरी गाभ्याबाहेरच्या द्रव्याने शोषला, तरी थांबलेला तरंग पुन्हा जिवंत होऊ शकतो. ही कल्पना १९६६ मध्ये स्टर्लिंग कोलगेट व रिचर्ड व्हाइट यांनी मांडली. हान्स बेथ आणि जेम्स विल्सन यांनी १९८५ मध्ये तिला विलंबित स्फोटाचे रूप दिले. पण गोलाकार समानता गृहीत धरणाऱ्या संगणकीय प्रतिमानांत बहुतेक तारे फुटतच नसत. द्रव्याला तिन्ही मितींत हालचाल करू दिल्यावर मात्र न्यूट्रिनोंनी तापलेले द्रव्य उकळत्या पाण्यासारखे वर उसळते, थंड द्रव्य खाली बसते, संपूर्ण तरंग डुलू लागतो, आणि अखेरीस एखाद-दोन बाजूंना मोठे बुडबुडे फुटून स्फोट होतो.

कॅसिओपिया ए मधील टायटॅनियमचे गोळे, लोहाचे पुंजके आणि आतील पोकळ्या या चित्राशी जुळतात. थोमास यांका व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्रिमितीय प्रतिमानात, न्यूट्रिनोंमुळे घडलेल्या स्फोटातून टायटॅनियम व लोह यांचे निरीक्षणांशी साम्य असणारे वितरण मिळाले. त्यासाठी स्फोटाची दिशा बाहेरून लादावी लागली नाही. तथापि ईशान्य-नैऋत्य झोतांचे समाधानकारक स्पष्टीकरण या प्रतिमानांना अजून देता आलेले नाही. मूळ ताऱ्याचे परिवलन व चुंबकीय क्षेत्र यांची भूमिका किती होती, हा वादाचा विषय आहे.

केंद्रातील न्यूट्रॉन तारा

स्फोटातून उरलेली वस्तू अनेक वर्षे सापडत नव्हती. चंद्राच्या १९९९ मधील पहिल्याच चित्रात अवशेषाच्या केंद्राजवळ एक ठिपका दिसला. तो न्यूट्रॉन तारा आहे. परंतु खेकडा अभ्रिकेतील न्यूट्रॉन ताऱ्याप्रमाणे तो नियमित स्पंदने देत नाही, रेडिओ लहरी सोडत नाही व त्याच्याभोवती तेजस्वी वाऱ्याची अभ्रिकाही नाही. त्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे २० लक्ष अंश असून त्याच्यावर कार्बनचे अवघे काही सेंटिमीटर जाडीचे वातावरण असावे, असे २००९ मध्ये सुचवण्यात आले. चंद्राच्या सुमारे दहा वर्षांच्या मोजमापांत हा तारा अपेक्षेहून वेगाने थंड होत असल्याचे पुढच्या वर्षी जाहीर झाले. त्याच्या अंतर्भागातील न्यूट्रॉन अतिप्रवाही अवस्थेत जात असल्याचा तो पुरावा मानण्यात आला. नंतरच्या विश्लेषणांनी उपकरणातील बदलांचा हिशेब धरल्यावर घट बरीच लहान असल्याचे म्हटले. त्यामुळे हा निष्कर्ष सावधपणेच घेतला पाहिजे.

न्यूट्रॉन ताऱ्याची गती यापेक्षा अधिक बोलकी आहे. तो स्फोटाच्या केंद्रबिंदूपासून दक्षिणेकडे सेकंदाला सुमारे ३३० ते ३५० किलोमीटर वेगाने सरकला आहे. टायटॅनियम-४४ ची सरासरी गती साधारणतः त्याच्या विरुद्ध दिशेला आहे, आणि सिलिकॉन, गंधक यांसारख्या मूलद्रव्यांचा मोठा भागही विरुद्ध बाजूलाच गेला आहे. स्फोटात एका बाजूला जास्त द्रव्य फेकले जाते तेव्हा संवेग अक्षय्यतेनुसार न्यूट्रॉन ताऱ्याला उलट धक्का बसतो. अनेक न्यूट्रॉन तारे आकाशगंगेत शेकडो किलोमीटर वेगाने का धावतात, याचे हे उत्तर सिद्धान्तात आधीच होते. येथे ते एकाच वस्तूत दोन्ही बाजूंनी तपासता येते.

द्रव्यनिर्मिती व धूळ

चंद्राच्या मोजमापांवरून या स्फोटाने सुमारे १०,००० पृथ्वींच्या वस्तुमानाइतके गंधक, २०,००० पृथ्वींइतके सिलिकॉन, ७०,००० पृथ्वींइतके लोह आणि सुमारे १० लक्ष पृथ्वींइतका ऑक्सिजन अवकाशात सोडला. शेवटचा आकडा सूर्याच्या जवळजवळ तिप्पट आहे. २०१३ मध्ये येथे फॉस्फरसही आढळला. लोहाच्या तुलनेत त्याचे प्रमाण काही तुकड्यांत आकाशगंगेतील सरासरीच्या शंभरपटींपर्यंत होते. सजीवांच्या डीएनएमधील या मूलद्रव्याची निर्मिती अतिनवताऱ्यात होते, याचा हा थेट पुरावा होता.

हर्शेल दुर्बिणीने मध्यभागी थंड धूळ शोधली. तिचे वस्तुमान सूर्याच्या काही दशांश इतके असावे. विश्वाच्या बाल्यावस्थेतील दीर्घिकांमध्येही पुष्कळ धूळ दिसते आणि ती इतक्या लवकर कोठून आली हा प्रश्न असल्याने या आकड्याला महत्त्व आहे. उलट आघात तरंग आत पोहोचल्यावर यातील किती धूळ शिल्लक राहील, हे मात्र वेगळे गणित आहे.

विश्वकिरण

बाहेरच्या आघात तरंगापाशी इलेक्ट्रॉन प्रचंड ऊर्जेपर्यंत प्रवेगित होतात आणि चुंबकीय क्षेत्रात फिरताना सिंक्रोट्रॉन प्रारण सोडतात. रेडिओ लहरी व कडेची क्ष-किरण रेषा ही त्याचीच रूपे आहेत. अतिनवताऱ्यांचे अवशेष हे आकाशगंगेतील विश्वकिरणांचे मुख्य उगमस्थान मानले जात असल्याने कॅसिओपिया ए ची या दृष्टीनेही बारकाईने तपासणी झाली. मॅजिक दुर्बिणींनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गॅमा किरणांच्या वर्णपटावरून येथील प्रोटॉनांची कमाल ऊर्जा, सर्वांत ऊर्जावान आकाशगंगीय विश्वकिरणांसाठी लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा सुमारे शंभरपटींनी कमी निघाली. जुन्या समजुतीला हा चांगलाच धक्का होता.

इतर अवशेषांशी तुलना

आकाशगंगेत यापेक्षा तरुण असा जी १.९+०.३ हा अवशेष ज्ञात आहे, पण तो बहुधा श्वेत बटूच्या स्फोटातून आलेला आहे. मोठ्या मॅगेलन मेघात १९८७ साली दिसलेल्या अतिनवताऱ्याच्या बाबतीत मूळ तारा आधीच्या छायाचित्रांत ओळखता आला आणि स्फोटातील न्यूट्रिनोही पृथ्वीवर टिपले गेले. कॅसिओपिया ए च्या बाबतीत या दोन्ही गोष्टी आता कधीच शक्य नाहीत. उलट तो अतिनवतारा सुमारे १,६८,००० प्रकाशवर्षे दूर असल्याने त्याच्या आतील द्रव्याची कॅसिओपिया ए इतकी बारीक मोजणी करता येत नाही. तेथे न्यूट्रॉन तारा असल्याचा अप्रत्यक्ष पण भक्कम पुरावा जेम्स वेब दुर्बिणीने २०२४ मध्ये, केंद्राजवळील आयनीभूत अरगॉनच्या रेषांवरून दिला.